पाटाकडेचा कुरडू

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मला आधी वाटलं, कोणी तरी चेष्टा करतंय. बियाण्याच्या माळ्याकडून दिवाळी अंकाला काय हवं असणार? मी पाकीट उलटसुलट करून पाहिलं, पोस्टाचा शिक्का निरखला, मग सुनेला पत्र मोठ्याने वाचायला लावलं. धंद्यातल्या आठवणी लिहा, माणसं लिहा, गमती लिहा, असं त्यात होतं. पत्र खरं होतं. तरी मी आठ दिवस उत्तर दिलं नाही.

माझ्या घरचे म्हणतात, तुम्हाला सगळ्यातच संशय येतो. खरं आहे. पण ज्याने पस्तीस वर्षं बी विकलं त्याला दुसरं काय येणार? आमचा धंदाच संशयावर चालतो. लुगडं घेणारी बाई लुगडं उजेडात धरून बघते. भांडं घेणारा टिचकी मारून बघतो. बैल घेणारा दात मोजतो. बी घेणाऱ्याने काय बघायचं? कांद्याचं बी काळं, बारीक आणि कोनाकोनाचं असतं. यंदाचं बी आणि दोन सालांपूर्वीचं बी शेजारी शेजारी ठेवलं तर ब्रह्मदेवालाही फरक सांगता येणार नाही. पण यंदाचं उगवतं आणि जुनं मातीत मरतं. हे गिऱ्हाइकाला कळतं तेव्हा त्याचा हंगाम गेलेला असतो आणि विकणारा पुढच्या बाजारात गूळ खात बसलेला असतो.

त्यामुळे गिऱ्हाईकही एकेक नग यायचे. एक म्हातारा बी दाताखाली धरून चावायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "हं." त्या 'हं'चा अर्थ मला शेवटपर्यंत कळला नाही. दुसरा एक शहाणा तिघा विकणाऱ्यांकडून थोडं थोडं बी घ्यायचा आणि धोतराला तीन गाठी मारून घरी न्यायचा. घरी पोचेपर्यंत कोणती गाठ कोणाची हे विसरायचा, आणि एखादा वाफा उगवला नाही की पुढच्या बाजारी तिघांनाही शिव्या देऊन जायचा. मानोऱ्याकडचे एक गृहस्थ दर साली मला माझ्या विहिरीची शपथ घालायचे. त्यांच्या मते माणूस देवाची शपथ खोटी घेईल, पण माळी विहिरीची घेणार नाही. ते मात्र बरोबर होतं.

माझा मळा शेलूबाजारापासून कोसभर, नाल्याच्या काठी होता. वांगी, मुळा, मेथी यांचं बी मी धरायचो, पण नाव होतं ते कांद्याच्या बियासाठी. बाजाराच्या दिवशी करीमभाई कल्हईवाल्याच्या शेजारी माझी गोणपाटाची बैठक असायची. त्यांचा भाता, माझ्या पुड्या. नवसागराचा धूर दिवसभर माझ्या नाकात जायचा आणि ते दिवसभर माझ्या गिऱ्हाइकांशी चाललेली हुज्जत ऐकायचे.

बाहेरच्या माणसाला हे काम माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. कांद्याला बी एका सालात येत नाही. आधी बी पेरून रोप, रोपाचा कांदा, मग तो चांगला कांदा निवडून दिवाळीच्या सुमाराला पुन्हा जमिनीत लावायचा. पौषात त्यातून डेंगळे निघतात, म्हणजे पोकळ हिरवे दांडे, आणि त्यांच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे गोंडे. चैत्रात गोंडे सुकले की कापायचे, झोडायचे, पाखडायचे. मग बी पाण्यात टाकायचं. जड ते तळाला जातं, फोल ते वर तरंगतं. वरचं फेकायचं, खालचं लगेच सावलीत वाळवायचं. याशिवाय माझी एक रीत होती. प्रत्येक खळ्यातलं चिमूटभर बी मी वेगळं ठेवायचो, आणि विकताना कोणी शंका काढली तर ते घरच्या कुंडीत पेरून दाखवायचो. कांदा आठ-दहा दिवस घेतो उगवायला. आधी वाकलेल्या सुईसारखा वर येतो, मग सरळ होतो.

आता कुरडू. आमच्याकडे तो सांगायची गरज नाही, पण अंक पुण्या-मुंबईलाही जात असेल. ज्वारीत आपोआप येणारं हे झाड. कमरेइतकं वाढतं, टोकाला तुरा येतो, खाली पांढरा आणि वर गुलाबी. दिसायला देखणा, पण शेतकऱ्याला नको असलेला. एका तुऱ्यातून मुठीत मावणार नाही इतकं बी सांडतं, आणि ते बी काळं, बारीक. कांद्यापेक्षा लहान आणि चकचकीत, पण बाजाराच्या घाईगर्दीत काळ्यात काळं कोण निवडणार? ज्याच्या कांद्याच्या बियात कुरडू निघाला त्या माळ्याने दुकान गुंडाळावं, असा आमचा न बोललेला कायदा होता. म्हणून मी मळ्यात कुरडूचं एक रोप उभं राहू देत नव्हतो. धुरे तासून काढलेले, पाटाच्या दोन्ही कडा न्हाव्याने वस्तरा फिरवल्यासारख्या. धुरा म्हणजे बांध. लोक मुद्दाम माझा मळा बघायला यायचे आणि मी छाती काढून फिरायचो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. लागोपाठ दोन सालं माझं बी फसलं. गोंडे आले, फुलले, सुकले. झोडले तर नुसता भुसा. पाण्यात टाकलं तर सगळं वर. दुसऱ्या साली तर एका खळ्यातून ओंजळभर बी तळाला गेलं. तिसऱ्या साली असंच झालं असतं तर मला मळा सोडून दुसऱ्याच्या बांधावर जावं लागलं असतं. घरात खाणारी सात तोंडं होती.

मी संशय घ्यायला सुरुवात केली. आधी कांदा विकणाऱ्यावर. मग विहिरीच्या पाण्यावर. मग शेजारच्या बापूरावांवर. बापूराव मोठे शेतकरी, माझ्या मळ्याला लागून त्यांचं वावर. नाल्याच्या पाण्यावरून आमचं जुनं वाकडं होतं, आणि ते वरच्या अंगाला असल्याने पाण्यात काही सोडत असतील असं माझ्या डोक्याने घेतलं. मी चार दिवस भर उन्हात नाल्याकाठी निर्गुडीच्या झुडपाआड बसून राहिलो. बापूराव आले, हातपाय धुतले, चूळ भरली आणि गेले. त्या चुळीचाही मी दोन दिवस विचार केला.

माझ्याकडे निंदायला गिरजाबाई नावाची एक बाई यायची. वय पन्नाशीच्या आसपास, नवरा नव्हता, एक लेक जऊळक्याकडे दिलेली. गावाच्या टोकाला खोपटं आणि दोन शेळ्या. बोलायची कमी. एक दिवस मी सुकलेले गोंडे हातात चुरगळून बघत होतो तर तिने विळा खाली ठेवला.

"भाऊ, गोंडे रोज पायता का तुमी?"

"रोजच पायतो. काहून?"

"मंग फुलले तवा त्यायच्यावर माशी दिसली का तुमाले?"

"माशीचं काय काम इथं?"

"माशीचंच तं काम हाय. मव्हाची माशी या गोंड्यावरून त्या गोंड्यावर जाते तवा त्यात बी धरते. माह्या बापाच्या वाडीत आमी कोहळ्याच्या वेलापाशी कुरडू राखत होतो, माशी याव म्हनून. दोन सालांआदी तुमी धुऱ्यासकट सारं रान तासून टाकलं. तिनं इकडं कायले याव?"

मव्हाची माशी म्हणजे मधमाशी. पुढे बऱ्याच सालांनी शेतीखात्याच्या एका साहेबाने मला हेच समजावून सांगितलं. कांद्याच्या एका फुलातली भुकटी आधी पिकते आणि त्याच फुलाचा बी धरणारा भाग मागाहून तयार होतो. त्यामुळे फुलाचं स्वतःशी जमत नाही, भुकटी कोणी तरी इकडून तिकडे न्यावी लागते. साहेबाला हे सांगायला अर्धा तास आणि पाटीवर चित्र लागलं.

मला मात्र त्या वेळी दुसरंच सुचलं. निंदणारी बाई तणाची वकिली करते म्हणजे ती पुढल्या सालच्या रोजाची सोय लावून ठेवते, हे कोणीही सांगेल. शिवाय कुरडूच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते आणि शेळ्या तो आवडीने खातात. बाईला भाजी हवी, शेळ्यांना पाला हवा, आणि जागा माझी. मी तिला उडवून लावलं. पण सात तोंडं होती. आश्विन आला तेव्हा मीच तिला म्हटलं, पाटाच्या कडेने दहा हात लाव, त्यापुढे एक बोट नाही. आणि दहा हात मी स्वतः मोजून दिले.

तिने जे केलं ते मी विहिरीच्या थारोळ्यामागून, म्हणजे मोट रिकामी होते त्या हौदामागून, बघत होतो. कुरडू एरवी पावसाळ्याच्या सुरुवातीला उगवतो आणि दिवाळीला फुलून संपतो. कांदा फुलतो पौष-माघात. म्हणून तिने तो मुद्दाम उशिरा पेरला, पाटाच्या ओलीवर जगवला. वीतभर झाला की शेंडे खुडले. पुन्हा फुटला, पुन्हा खुडले. खुडलेले शेंडे ती पदरात घेऊन घरी न्यायची, भाजीला. मी मनात म्हणायचो, बघा, भाजीसाठीच चाललंय सगळं. पण खुडल्यामुळे एका रोपाला दहा फांद्या आल्या आणि फुलायला उशीर झाला, हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं आणि मला दिसत नव्हतं.

पौष लागला आणि पाटाची कड गुलाबी झाली. आधी फुलपाखरं आली. मग लहान माश्या, मग मोठ्या. सकाळी मोट जुंपायला गेलो की पाटाकडून एकसारखी गुणगुण यायची. कांद्याचे गोंडे उमलायला लागले तशी गिरजाबाई विळा घेऊन आली आणि त्या भरल्या कुरडूतला निम्मा सपासप कापायला लागली. मी धावत गेलो.

"अवो, आता कायले कापता? आताच तं माशी येऊन राह्यली."

"भाऊ, कांद्याचं फूल माशीले तेवढं गोड नाही लागत. कुरडू पूर्न ठेवला तं ते इथंच बसंन. पाहुन्याले आदी वसरीवर बसोता येते, मंग आत पाटावर नेता येते. वसरीवरच पोटभर जेऊ घातलं तं तो आत कायले येईन?"

दोन दिवसांनी माश्या कांद्यावर होत्या. त्या साली झोडलेलं बी मी पाण्यात टाकलं आणि ते खाली गेलं. मी काठीने ढवळलं, पुन्हा खाली गेलं. आनंद झाला, पण तोही मी तीनदा पाण्यात टाकून पाहिला.

माझी चूक मात्र त्याआधीच होऊन गेली होती, आणि ती मी शहाणपणा समजून केली होती. कापलेल्या कुरडूच्या पेंढ्या पाटावर पडल्या होत्या. गिरजाबाईने शेळ्यांसाठी मागितल्या. मी देणार होतो, पण त्याच दिवशी तिच्या पदराला मला एक गाठ दिसली.

"हे काय बांधलं?"

तिने गाठ सोडून दाखवली. कुरडूचं काळं बी. "पुढच्या साली पेराले लागंन ना भाऊ."

माझ्या मनात घंटा वाजली. काळं बी, माझ्या मळ्यात, दुसऱ्याच्या पदरात. बाई पेंढ्यांबरोबर आणखी किती बी नेईल आणि कोणाला देईल? माझा कोणता विरोधक तिला फितवेल? मी म्हटलं, पेंढ्या नाही मिळणार. आणि ठेवणंही धोक्याचं म्हणून त्या सगळ्या मी धुऱ्यापलीकडे बापूरावांच्या बैलांपुढे टाकल्या. आठ-दहा दिवस रोज टाकत होतो. बैल खूश, बापूरावही खूश. नाल्याच्या पाण्यावरून पंधरा वर्षं धुमसत असलेलं भांडण त्या पेंढ्यांनी मिटलं. एवढा सरळ सौदा मी आयुष्यात केला नव्हता असं मला वाटलं.

पावसाळ्यात बी विकायला काढलं. ते हातोहात गेलं. समेट झाल्यामुळे बापूरावांनीही पहिल्यांदा माझ्याकडून घेतलं. श्रावणातल्या एका बाजारी मी पुड्या बांधत होतो तर बापूराव गर्दीतून वाट काढत आले. हातात टोपलीचं झाकण, त्यावर ओल्या मातीचं ढेकूळ आणि त्यात दाट उगवलेली रोपं. त्यांनी ते माझ्या गोणपाटावर ठेवलं.

"दसरथ, हे पाय. हे कांदा हाय का?"

मी पाहिलं. जोडीजोडीची पानं, लालसर देठ. कुरडू. आंधळ्यालाही हाताने कळला असता.

"पाच दिवस झाले पेरून. पूर्न वाफाभर हेच. मी तं मोडून टाकला सारा वाफा. इतके लोक तुयाकडून बी नेतात, त्यायले काय सांगाव आता?"

माणसं जमली. आधीच्या बाजारी बी नेलेले तिघे-चौघे तिथेच होते. त्यांच्या नजरा मी अजून विसरलो नाही. ज्या कायद्याबद्दल मी वर लिहिलं तो माझ्यावरच उलटला होता. दोन शब्द इकडचे तिकडे झाले असते तर त्याच दिवशी दुकान गुंडाळायची पाळी होती. करीमभाईंनी भाता थांबवला आणि हळूच म्हणाले, "दसरथभाऊ, सबर करा. पाच दिवसात कांदा कुठं उगवते? घरी कुंडी हाय तुमची. आदी कुंडी उगवू द्या, मंग तोंड उघडा."

साधी, सरळ गोष्ट सांगितली होती त्यांनी. पाच दिवसांत कांदा उगवतच नाही हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं. बापूरावांनी कांदा वर यायच्या आधीच वाफा मोडला होता, एवढं म्हटलं असतं तरी निम्मी माणसं पांगली असती. पण त्या नजरांपुढे माझी अक्कल चालली नाही. आणि नेमकी समोर मिठाच्या ढिगापाशी गिरजाबाई उभी होती.

मी तिच्याकडे बोट केलं. "मले काय इचारता? तिले इचारा. माह्या मळ्यात कुरडू तिनं लावला. तिच्या पदरात कुरडूचं बी बांधलेलं मी माह्या डोयानं पायलं. बियात तिनंच मिसयलं असंन."

सगळी गर्दी तिच्याकडे वळली. माझ्यावरचं ओझं उतरलं. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी हलकं वाटलं. गिरजाबाई माझ्याकडे बघत राहिली. तिने रडारड केली नाही, शिव्या दिल्या नाहीत.

"भाऊ, तुमी हे साऱ्यायच्या समोर बोलून राह्यले," एवढंच म्हणाली. मग मीठ न घेताच निघून गेली.

आमच्याकडे निंदणाऱ्या बाईवर चोरीचा आळ आला तर तो एखाद वेळी पुसला जातो. पण बियात तण मिसळणारी म्हटलं की संपलं. तिला कोण वावरात पाऊल ठेवू देणार? आठवडाभरात गावातल्या सगळ्यांनी तिला कामाला बोलावणं बंद केलं.

घरी आल्यावर मी कुंडीत बी पेरलं. त्याच खळ्यातलं, बापूरावांना दिलं तेच. खरं सांगतो, कुरडूच उगवावा असं मला वाटत होतं. रोज सकाळी कुंडीपुढे उकिडवा बसायचो. पाचव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी काही नाही. नवव्या दिवशी माती तडकली आणि वाकलेल्या सुया वर आल्या. कुंडीभर कांदा. कुरडूचं एक पान नाही.

मग मी बापूरावांकडे गेलो. कांद्याचा वाफा त्यांनी मोडला होता, पण शेजारी वांग्याच्या रोपाचा वाफा होता. त्याचं बी त्यांनी घरचंच धरलेलं. त्यातही कुरडू. मिरचीच्या वाफ्यातही कुरडू. खत कुठलं टाकलं, असं मी विचारलं. त्यांनी गोठ्यामागचा उकिरडा दाखवला. शेण पुरतं कुजलेलंही नव्हतं, आणि उकिरड्याच्या उतारावर पावसाने हिरवागार कुरडू माजला होता.

तिथे उभ्या उभ्या माझा हिशेब जुळला. कुरडूचा तुरा वर फुलत असतो तेव्हा खालच्या अंगाला बी पिकलेलं असतं. ते बारीक, टणक बी बैलाच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. मी पेंढ्या टाकल्या, बैलांनी खाल्ल्या, शेण उकिरड्यावर गेलं, उकिरडा वाफ्यात गेला. गिरजाबाईच्या शेळ्यांना त्या पेंढ्या मिळाल्या असत्या तर त्यांच्या लेंड्या तिच्या खोपट्यामागच्या खडकावर पडल्या असत्या आणि कोणाचं काही बिघडलं नसतं.

बापूराव वांग्याच्या वाफ्याकडे बघत म्हणाले, "त्या बाईनं माह्या वांग्यातही टाकलं वाट्टे. कवा आली असंन कोनाले ठाऊक."

मी मान हलवली. हो म्हणालो नाही, पण मान हलवली. आयुष्यात बऱ्याच गोष्टींची लाज वाटते, त्यात ती मान पहिली.

दुसऱ्या दिवशी मी गिरजाबाईच्या खोपट्याकडे गेलो. ती उंबऱ्यापाशी शेळीच्या पायातला काटा काढत होती. मी सगळं सांगितलं. कुंडीचं, उकिरड्याचं, बैलांचं. तिने काटा काढून होईपर्यंत ऐकून घेतलं.

"हे मले कायले सांगता भाऊ? मले तं माहीतच होतं मी नाही मिसयलं म्हनून. ज्यायले माहीत नाही त्यायले सांगा."

"सांगतो. येत्या बाजारीच सांगतो. चौघायसमोर सांगतो."

"बरं," ती म्हणाली. "मी येतो त्या दिवशी मीठ घ्याले."

बाजाराचा दिवस आला. मी गोणपाट टाकलं, पुड्या मांडल्या. ती खरंच आली. मिठाच्या ढिगापाशी उभी राहिली. गिऱ्हाइकं होती, बापूरावही होते. बोलायचं तर काय बोलायचं होतं? कुरडू माझ्या मळ्यातला, पेंढ्या मी टाकल्या, तुमचा वाफा माझ्यामुळे बिघडला. बापूरावांशी झालेला समेट मोडला असता, आणि दशरथच्या मळ्यातला कुरडू लोकांच्या वाफ्यात जातो हे एकदा कानोकानी झालं असतं की माझं बी कोणी हातात धरलं नसतं. मी मनाशी म्हटलं, आज गर्दी फार आहे. पुढल्या बाजारी म्हटलं, आज गर्दीच नाही, कोणाला सांगू? तिसऱ्या बाजारी पाऊस होता.

करीमभाईंनी एकदाच विचारलं. "कुंडी उगवली का?"

"उगवली."

"कांदाच ना?"

"कांदाच."

"मंग?"

मी पुड्या सारख्या करायला लागलो. त्यांनी भाता ओढायला घेतला. त्यानंतरही आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसलो, त्यांनी माझ्या घरची भांडी चांगली करून दिली, पण पानाची चंची माझ्यापुढे पुन्हा कधी सरकवली नाही.

गिरजाबाई तीन बाजार आली. चौथ्या बाजारी आली नाही. शेळ्या विकून लेकीकडे जऊळक्याला गेली असं कळलं.

मी पुढे वीस सालं पाटाच्या कडेने कुरडू लावला. आश्विनात पेरायचा, दोनदा खुडायचा, गोंडे उमलले की निम्मा कापायचा. पेंढ्या जाळून टाकायचो. माझ्या कांद्याच्या बियाचं नाव अकोल्यापर्यंत गेलं. त्या शेतीखात्याच्या साहेबाने मळा पाहिला, कुरडू पाहिला, वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? बायको पाणी घेऊन उभी होती, तिला सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, अनुभवाने. बायकोने तांब्या ठेवला आणि आत गेली.

गिरजाबाई वारली ते मला जऊळक्याकडच्या एका गिऱ्हाइकाने बी घेता घेता सांगितलं. करीमभाई गेले, बापूराव गेले. आता मला बी विकायचं नाही, त्यामुळे माझं काही बुडण्यासारखं उरलेलं नाही, आणि मी हे आज लिहितोय यात मोठं धैर्य आहे असं वाचणाऱ्याने समजू नये. शेलूबाजारात हा अंक तीन घरी येतो, हे मी चौकशी करून खात्री केली आहे. जऊळक्यालाही एका मास्तरांकडे येतो. तिची लेक अजून तिथे आहे, आणि मास्तर वाचून दाखवतील असं त्यांनी कबूल केलं आहे. संपादकांना जागेपायी काही कापायचं झालं तर वरचं काहीही कापावं, एवढं मात्र राहू द्यावं.

गिरजाबाईने माझ्या बियात कुरडू मिसळला नव्हता. बापूरावांच्या वाफ्यात तो माझ्या हातून गेला, आणि हे मला ती जिवंत असताना माहीत होतं.